एक सीट होती

आई त्या विमान कंपनीला चार वर्षं शिव्या देत होती. घरी कुणी पाहुणं आलं आणि कुठूनही विमानाचा विषय निघाला की तिचं सुरू व्हायचं. "मेल्यांनी माझ्या लेकीचं जितं तोंड बघू दिलं न्हाय. ऐन टायमाला इमान रद्द केलं." पाहुणं चुकचुकायचं. मी तिथंच असायचो, पेपर धरून नाहीतर चहाचा कप धरून. चार वर्षांत मी एकदाही म्हणालो नाही की त्या दिवशी विमान रद्द झालं नव्हतं. ते वेळेवर उडालं. मी ते उडताना पाहिलं.

मी बोलका माणूस नाही. हायस्कुलात भूगोल शिकवतो, तेवढंच बोलतो. बायकोलाही यातलं काही सांगितलं नव्हतं. आता आईलाच सांगून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आम्ही निपाणीचे. आमच्या गावाला दोन शहरं आहेत. दाखला, कोर्ट, गाडीची कागदपत्रं, पेन्शन, असलं काही निघालं की बेळगाव. दवाखाना, लग्नाचा बस्ता, सोयरीक, चप्पल, म्हणजे आपल्या मनाचं जे काही असेल त्याला कोल्हापूर. हे कुणी ठरवलेलं नाही. गाडी हायवेला लागली की कामाप्रमाणे आपोआप डावीकडं नाहीतर उजवीकडं वळते. विमानतळ दोन्हीकडं आहेत. कोल्हापूरचा आम्हाला पाऊण तासावर, बेळगावचा सांबऱ्याला, तिकडं जायला पावणेदोन तास. पण विमान म्हणजे ओळखपत्र, तपासणी, बंदूक घेतलेला जवान. माझ्या डोक्यात ते सरकारी कामात पडलं. सरकारी म्हणजे बेळगाव. मी याच्यावर विचारसुद्धा केला नव्हता, हेच सांगायचंय.

आक्का हैदराबादला दिली होती. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिचं किडनीचं दुखणं जुनं होतं, त्यात अंगात इन्फेक्शन पसरलं आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. दाजींचा फोन आला तेव्हा मी शाळेत होतो. "पाव्हणं, आईंना घेऊन लवकर या. ती सारखी आईंचं नाव काढतीया."

मी स्टाफरूममध्ये बसून फोनवर तिकिटं काढली. आयुष्यात पहिल्यांदाच. एका हातात चाचणीचे पेपर होते. कुठून निघणार हे फोननं आपणहून भरलं होतं, मी फक्त कुठं जायचं ते भरलं. हैदराबाद, हैदराबाद, असं दोनदा तपासलं. डावीकडच्या चौकोनात काय लिहिलंय ते पाहिलंच नाही. फोननं जवळचा विमानतळ घेतला होता, आणि जवळचा म्हणजे कोल्हापूर. पोरांना मी बावीस वर्षं सांगत आलोय, आधी प्रश्न नीट वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ओळखीच्या गाडीतून निघालो. आईनं इरकल नेसलं होतं. मांडीवर पिशवी. पिशवीत खण, नारळ, हळदकुंकवाच्या पुड्या आणि नाचणीचं पीठ. आजारी असली तरी लेक होती, तिच्या दारात आई रिकाम्या हातानं जाणार नव्हती. तवंदीचा घाट चढताना तिनं हळूच विचारलं, "इमानात बाथरूम असतंय न्हवं?"

"असतंय."

"खाली पडत न्हाय न्हवं ते?"

"काय?"

"आरं, रेल्वेत पडतंय की खाली."

गाडीवाला हसायला लागला. आईसुद्धा हसली. आक्का सिरीयस आहे हे माहीत असून आम्ही हसलो. आज एवढ्यात पोचतो, बघतो, असा धीर होता त्या हसण्यात.

सांबऱ्याला सव्वानऊला पोचलो. इमारत नवी, काचेची, समोर झाडं लावलेली. तिथं गर्दी अशी नसतेच. मी आईला बाहेरच्या स्टीलच्या खुर्चीवर बसवलं आणि तिकीट कसं दाखवायचं ते विचारायला म्हणून गेटवर गेलो. जवानानं माझा फोन हातात घेतला, पाहिलं, परत पाहिलं.

"सर, ये तो कोल्हापुर का है."

"हैदराबाद," मी म्हणालो.

"हाँ, हैदराबाद. कोल्हापुर से."

माझ्या दोन्ही कानांत दडे बसले. खरंच सांगतो, त्याचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत नव्हतं. फोनवर सरळ लिहिलेलं होतं. कोल्हापूर ते हैदराबाद, दहा पन्नास. ते पाहताना मला एवढंच सुचत होतं की हे माझ्या हातानं झालेलं नाही, हा दुसऱ्या कुणाचा तरी फोन आहे. मी उलटा करून कव्हर पाहिलं. माझंच होतं. कोल्हापूर आता शंभर-सव्वाशे किलोमीटर मागं. आमच्या दारावरून उजवीकडं वळलो असतो तर आत्तापर्यंत आत बसलेलो असतो.

जवान भला होता. त्यानं शेजारची खिडकी दाखवली. तिथं कंपनीची एक मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, बोलणं आपल्याकडचंच. तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही.

"हितनंबी हैदराबाद हाय सर, धा चाळीसला. थांबा, बघते." तिनं पाहिलं. "एक सीट हाय. दोन न्हाईत."

"एक?"

"एकच. आजींना पाठवा की. मी सोता आत नेते. व्हीलचेअर देतो, तिकडं उतरल्यावर आमचं माणूस बाहेरपर्यंत सोडतंय. घ्यायला कोण येणार हाईत?"

"दाजी येतील."

"मग झालं की सर. तुम्ही उद्या या. उद्याला जागा हाईत."

मी मागं वळून पाहिलं. आई शेजारच्या बाईच्या लेकराला हातवारे करून खेळवत होती.

"नको," मी म्हणालो. "ती एकटी कधी गेली नाही."

"विचारा तर सर. म्हातारी माणसं तयार असत्यात. धा मिनिटं हाईत माझ्याकडं."

"नको म्हटलं ना."

माझा आवाज चढला असावा. तिनं खाली पाहिलं. "उद्याचं दोघांचं करू?"

"करा."

आता जे लिहितोय ते मी चार वर्षं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. आई एकटी घाबरेल, हरवेल, ही काळजी मला तेव्हा नव्हती. ती मी नंतर तयार केली. त्या खिडकीशी उभा असताना माझ्या मनात एकच होतं. तिला एकटीला पाठवायचं तर का पाठवतोय ते सांगावं लागणार. दाजींना फोन करून सांगावं लागणार. आख्ख्या गोतावळ्यात होणार की मास्तरनं म्हातारीला चुकीच्या विमानतळावर नेलं. दहा मिनिटं होती. त्यातली मी दोनसुद्धा वापरली नाहीत.

आईपाशी गेलो. काय सांगायचं हे ठरवलेलं नव्हतं. तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर आलं.

"आई, विमान रद्द झालं."

"आं?" ती उभीच राहिली. "आणि ही माणसं आत चालल्यात ती?"

"ती मुंबईची."

हे दुसरं खोटं इतकं चटकन आलं की मलाच धक्का बसला. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, आणि मला आपल्यातलं हे कसब माहीत नव्हतं. आईनं पिशवी उचलली. "मग आता?" म्हणाली. "उद्या," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि गाडीकडं चालायला लागली. तिनं माझ्यावर विश्वास टाकला म्हणणंही जास्त होईल. विश्वास टाकायचा की नाही, असा प्रश्नच तिला पडला नव्हता.

दाजींना फोनवर तेच सांगितलं. ते म्हणाले, "असू द्या, तुमच्या हातात हाय काय ते." गाडीवाल्याला बेळगावात चहा प्यायचा होता. त्याचा चहा, आईची बाथरूम, असं करत अजून सांबऱ्याच्या रस्त्यालाच होतो, तेवढ्यात डोक्यावरून पंख्यांचं ते छोटं विमान गेलं. आईनं खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं.

"ते बघ, मुंबईचं चाललं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता. विमानतळावर गाडीतून उतरत असताना दाजींचा फोन आला. मी चार पावलं बाजूला गेलो.

"पाव्हणं, निघालाय न्हवं? जरा जास्त झालंय तिला. निवांत या."

आमच्याकडं मयताची बातमी फोनवर सरळ कुणी सांगत नाही. सिरीयस आहे म्हणतात, जास्त झालंय म्हणतात, माणूस दारात पोचला की कळतं. पण पहिल्या फोनला दाजी 'लवकर या' म्हणाले होते. आज 'निवांत या'. मी फोन खिशात ठेवला. आई विचारत होती, "काय म्हणत्यात?" मी म्हणालो, "तसंच आहे." यातलं तेवढं एक खोटं मी एकट्यानं काढलेलं नाही, ते आमच्यात सगळेच बोलतात.

आत तपासणीच्या पट्ट्यावर आईची पिशवी अडली. तपासणारी बाई कानडीत म्हणाली, "तेंगिनकायी बिडोदिल्ल, अज्जी." आईला कानडी पुरेसं येतं. नारळ आत सोडत नाहीत हे तिला कळलं, पण पटलं नाही.

"लेकीच्या ओटीचा हाय गं त्यो," ती मराठीतच म्हणाली.

बाई मराठीवर आली. "तिकडं घ्या की आजी, नवीन."

"तिकडचा घेतला तर त्यो तिकडचा झाला. माहेरचा कसा हुईल?"

बाई माझ्याकडं पाहायला लागली. रांगेतले लोक पाहायला लागले. मला माहीत होतं की आता जी ओटी भरली जाईल ती कुठली. आक्का सवाष्ण गेली होती. तिला माहेरचा नारळ लागणारच होता, आणि तो काढून ठेवा म्हणून मीच आईला सांगत होतो. "असू दे आई. ठेव तिथं." आईनं नारळ दोन्ही हातांनी त्या बाईच्या ट्रेमध्ये ठेवला, वरून पदरानं पुसला आणि पुढं गेली.

विमानात तिला खिडकी दिली. पट्टा मी बांधला. विमान वर चढताना तिनं माझं मनगट धरलं होतं, बांगड्या रुतत होत्या. खाली शेतांचे तुकडे, लाल रस्ता, मग ढग. मी कितीदा तरी पोरांना फळ्यावर काढून दाखवलेलं सगळं खाली पसरलेलं होतं आणि मला त्यातलं काही ओळखू येत नव्हतं. सव्वा तासाचा प्रवास. पाण्याची बाटली आणि बिस्किटं विकणारी गाडी आली आणि गेली. मग आईनं विचारलं.

"काल रद्द झालतं ते हेच व्हय?"

"व्हय."

"चांगलं तर हाय की. काय झालतं ह्याला?"

मी झोपेचं सोंग घेतलं.

हैदराबादला दाजींच्या गल्लीत वळलो तेव्हा दारात खुर्च्या मांडलेल्या होत्या. आईनं खुर्च्या पाहिल्या आणि टॅक्सीतच खाली वाकली. ते मी लिहिणार नाही. संध्याकाळी सगळं उरकल्यावर दाजी माझ्याशेजारी बसले आणि आपणहून सांगायला लागले. काल दिवसभर ती शुद्धीवर होती. चांगली बोलत होती. दुपारी विचारलं, आई आली काय? दाजींनी सांगितलं, विमान रद्द झालंय, उद्या येतायत. संध्याकाळी परत विचारलं. "मी म्हटलं, अगं रद्द झालंय इमान, त्या काय करणार? तर म्हणली, व्हय, रद्द झाल्यावर काय करणार." आज पहाटे गेली.

माझं खोटं तिथपर्यंत पोचलं होतं. ते ऐकून, ते खरं मानून आक्का गेली. मी दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. दाजींना वाटलं, मी त्यांना धीर देतोय.

चार वर्षं गेली. या वर्षी भाचीचं लग्न ठरलं, हैदराबादलाच. मी सुटीच्या दिवशी आईला म्हणालो, "विमानानं जाऊ." ती पडवीत सुपात पावट्याच्या शेंगा घेऊन सोलत बसली होती.

"त्या कंपनीच्या इमानात मी पाय ठेवायची न्हाय," ती म्हणाली. "माझ्या लेकीच्या शेवटाला जे आलं न्हाईत..."

"आई, त्या दिवशी विमान रद्द झालं नव्हतं."

तिनं सोलणं थांबवलं नाही. "मग?"

"मी चुकून कोल्हापूरचं तिकीट काढलं होतं. आणि तुला बेळगावला नेलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग काय झालं, तर ती हसली. म्हणजे, नाकातून हसली. "आगं बया! मास्तर हाईस की रं तू." आणि थोड्या वेळानं, "मग त्या कंपनीला मी फुकाट शिव्या दिल्या म्हण की. चुकतंय माणूस. त्यात काय? सांगायचं न्हाईस व्हय एवढं?"

मला एकदम हलकं वाटलं. इथं थांबलो असतो तर हा विषय संपला असता, घरात तो किस्सा म्हणून सांगितला गेला असता. पण इतकी वर्षं गिळलेलं अर्धंच वर येऊन राहत नाही.

"बेळगावच्या विमानात एक सीट होती," मी म्हणालो. "त्या पोरीनं देऊ केली होती. तुझ्यासाठी."

"मला एकटीला?"

"व्हय. ती नेणार होती आत. तिकडं दाजी होते."

"मग?"

"मी नको म्हणालो."

"का?"

"तू एकटी कशी..." म्हणालो आणि थांबलो. "तसं नव्हे. तुला पाठवलं असतं तर मी काय केलं ते सांगावं लागलं असतं."

आईच्या हातात शेंग तशीच राहिली. "कवा पोचलं असतं ते?"

"बाराला."

"म्हंजे दुपार," ती म्हणाली. "आन् सांज. आन् आख्खी रात." एकेक बोट दुमडत गेली, तीन बोटं दुमडली आणि त्यांच्याकडं पाहत बसली.

"मला वाटलं तू घाबरशील," मी म्हणालो. इतकं सगळं कबूल केल्यावरही मी हे म्हणालो.

"घाबरले असते की. घाबरत घाबरत गेले असते." तिचा आवाज चढला नाही. "तंबाखूच्या वखारीतल्या बायकांसंगं मोर्च्याला बेंगळूरला गेलते मी. तू अंगावर पीत हुतास, तुला आजीपाशी टाकून गेलते. येताना बायकांची चुकामूक झाली. एकटी आले दोन बशी बदलून. तवा मला कोण विचारत हुतं, एकटी जाशील काय म्हणून? आन् तू विचारलंबी न्हाईस."

हा मोर्चा मला माहीत नव्हता. माझ्या आईबद्दल मला जे माहीत होतं, त्यात तो नव्हता.

ती शेंगांचं सूप घेऊन आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढत होती, भाकरी संपली की न विचारता दुसरी टाकत होती, पण बोलली नाही. पाहुण्यांसमोर त्या कंपनीचा विषयही काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघालो तेव्हा चौकटीत उभी राहून म्हणाली, "लग्नाचं तिकीट काढलंस?"

"काढतो आज. दोघांचं..."

"माझं एकटीचं काढ. बेळगावचं."

"आणि मी?"

"तू ये बसनं."

बायको स्वयंपाकघरातून हसली. तिला वाटलं, चेष्टा चाललीय. आमच्या दोघांपैकी कुणी हसलं नाही.

तिकीट काढून आणल्यावर तिनं मला मोठ्यानं वाचायला लावलं, कुठून कुठं, कितीला. मग फोन माझ्या हातातून घेऊन सुनेकडं दिला. "आता तू वाच गं."

लग्नाच्या दोन दिवस आधी तिला घेऊन सांबऱ्याला गेलो. पिशवी तिनं माझ्या हातात दिली नाही. खिडकीशी दुसराच कुणी तरुण होता, त्यानं व्हीलचेअर विचारली. "चालता येतंय मला," आई म्हणाली. गेटवर तिनं आधार कार्ड आणि छापून घेतलेलं तिकीट जवानाच्या हातात दिलं. त्यानं कार्ड पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं.

"अकेली हैं, माताजी?"

"व्हय," आई म्हणाली. "एकटी."

त्यानं कागद परत दिला. ती काचेच्या दारातून आत गेली. पिशवी मशीनपाशी ठेवताना दिसली, कुणालातरी काहीतरी विचारताना दिसली, त्यानं हातानं दाखवलं तिकडं वळली आणि दिसेनाशी झाली. हैदराबादची बस दुपारची होती. मी गाडीवाल्याला परत पाठवलं आणि बसस्टँडला जाण्यासाठी रिक्षा बघायला लागलो.